आधी दिवा, मग माणूस

ज्ञानेश्वर विशे जन्मभर माणसांशी बोलले ते तिकिटाच्या खिडकीच्या गजांआडून. आटगाव स्टेशनात त्यांनी तीस वर्षं तिकिटं दिली. समोरच्याने गाव सांगायचं, यांनी तिकीट सरकवायचं, आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात मांडीवरचं पुस्तक पुन्हा उघडायचं. खिडकीतून त्यांचा चेहरा अर्धाच दिसे आणि त्यांना तेवढंच बरं वाटे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गाव त्यांना तिकीट मास्तरच म्हणत होतं.

अशा माणसाला शहापूरच्या वाचनालयाने भाषणाला बोलावलं. साल १९९६, मे महिना. माणूस चंद्रावर उतरला त्याच्या तीन वर्षं आधी, दोन जूनला, सर्व्हेयर नावाचं तीन पायांचं अमेरिकी यंत्र तिथे अलगद उतरलं होतं. त्या गोष्टीला आता तीस वर्षं होत होती. पुस्तक परत करताना मास्तरच कधीतरी हे बोलून गेले होते, आणि चिटणीसांनी ते नेमकं लक्षात ठेवलं. नाही म्हणायचं मास्तरांना जमलं नाही. हो म्हणाल्यापासून त्यांना जेवण जात नव्हतं.

मास्तरांनी लग्न केलं नव्हतं. ते पुतण्यांच्या घरात राहायचे. थोरला कमळू भातशेती बघायचा, आवाजाने मोठा आणि मनाने तापट. धाकटा अनिल रोज गाडीने कल्याणच्या कारखान्यात जायचा आणि रविवारी काकांची पुस्तकं चाळायचा. मास्तरांचा जीव अनिलवर जरा जास्तच होता. भाषणाची तालीम ओट्यावर करायची ही कल्पनाही अनिलचीच.

"काका, आमच्यासमोर बोला आधी. आमाला समजलं तर शहापूरवाल्यांना समजेल."

"आणि आपल्याला झोप लागली, तर तितं पण लागेल," कमळू म्हणाला.

तिन्हीसांजेला ओट्यावर चौघं बसली. कमळू, अनिल, दाराच्या चौकटीला टेकून अनिलची बायको नम्रता, आणि शेजारचा म्हातारा बारकू, जो विडी ओढायला रोज यायचाच. मास्तरांनी घसा साफ केला. पहिली दोन वाक्यं कुणालाच ऐकू गेली नाहीत.

"वर बोला जरा, मास्तर," बारकू म्हणाला. "चंद्र लांब हाय."

हळूहळू त्यांना सूर सापडला. माणसाला धाडण्याआधी यंत्रं धाडली, ते म्हणाले. पहिल्यांदा धाडली ती नुसती आपटायला. रेंजर त्यांचं नाव. आपटेपर्यंत फोटो पाठवत राहायचं, एवढंच त्यांचं काम. पहिली सहा तर फुकटच गेली. सातव्याने फोटो पाठवले.

"म्हंजे मरायलाच धाडली होती," कमळू म्हणाला.

"यंत्रं होती ती."

"ते आलंच."

मग रशियाचा गोळा, सहासष्ट सालच्या फेब्रुवारीत उतरलेला. तो जमिनीवर आदळला, उसळला, गडगडत थांबला, आणि त्याच्या पाकळ्या उघडून आतून कॅमेऱ्याने बाहेर पाहिलं. त्याआधी काही जाणकारांना भीती होती की चंद्रावर धुळीचा इतका जाड थर असेल की उतरेल ते गडप होईल.

"धरणाच्या गाळात म्हैस रुतते तशी," अनिल म्हणाला.

"तशीच. म्हणून सर्व्हेयरने उतरल्यावर पहिल्यांदा कशाचा फोटो घेतला, तर स्वतःच्या पावलाचा. पाऊल किती रुतलंय ते बघायला."

बारकूने विडी विझवली. "ह्यात नवं काय सांगताय, मास्तर? आमी इहिरीत आधी दिवाच सोडतो. दिवा जगला तर माणूस जगेल. माझा आजा सोडायचा, बाप सोडायचा, आता मी सोडतो. तुमच्या अमेरिकेला आमी सांगितलं असतं."

मास्तरांचे डोळे एकदम लकाकले. इतकी वर्षं चंद्राचं वाचूनही हे त्यांना सुचलं नव्हतं. त्यांच्या गावात तीन पिढ्या चाललेली रीत आणि ती सगळी यंत्रं, दोन्हींचं तत्त्व एकच. भाषणाची सुरुवात मिळाली होती. त्यांनी बारकूला दोनदा सगळं सांगायला लावलं. पत्र्याच्या डब्यात रॉकेलची चिमणी ठेवायची, डबा दोराने तळाशी सोडायचा. ज्योत मिणमिणली की हवा कोंडलेली आहे, कुणी उतरायचं नाही. ज्योत सरळ राहिली की उतरायचं. आणि काम संपेपर्यंत दिवा खालीच ठेवायचा, माणसाच्या नजरेसमोर.

"काका," नम्रता दारातून म्हणाली, "त्या पयल्या यंत्रानं जमीन टणक हाय ते सांगितलं. बाकीचं? माती कसली हाय, काय हाय?"

"ते त्याला विचारलंच नव्हतं. मातीचं विचारायला पाचवं पाठवलं, त्याच्यात तशी पेटी होती. एकेक यंत्र एकेका प्रश्नासाठी."

"म्हंजे इचारलं तेवढंच सांगतात."

"तेवढंच," मास्तर म्हणाले. हे वाक्यही भाषणात घालावं, असं त्यांच्या मनात आलं.

"पाचवं म्हणालात. चौथ्याचं काय झालं?" अनिलने विचारलं.

"चौथं चंद्रापर्यंत नीट गेलं. संदेश अगदी व्यवस्थित येत होते. उतरायला दोन-अडीच मिनिटं राहिली आणि ते गप्प झालं."

"फुटलं?"

"माहीत नाही. फुटलं असेल, किंवा नीट उतरून नुसतं मुकं झालं असेल. आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही."

मग कमळू उठला आणि म्हणाला की उद्या शहापूरहून पाणी उपसायचं इंजिन यायचंय, विहिरीच्या गाळाचं काम लवकर सुरू करायचंय, तेव्हा चंद्र आता पुरे.

---

गावाची विहीर उताराला, आंब्यांच्या पलीकडे. वरचा अर्धा भाग दगडांनी बांधलेला, खालचा अर्धा कातळात खोदलेला. दर वर्षी मेच्या अखेरीस पाणी तळाला गेलं की गाव मिळून गाळ काढायचं, म्हणजे झरे मोकळे व्हायचे. आजवर उरलंसुरलं पाणी बादल्यांनी उपसत. त्यात दोन दिवस जायचे. या वर्षी कमळूने पुढाकार घेऊन पेट्रोलवर सुरू होणारं आणि रॉकेलवर चालणारं हलकं इंजिन भाड्याने आणलं होतं. पण काठावरून त्याला पाणी ओढता येईना. विहीर फार खोल होती. मग चौघांनी दोर लावून इंजिन विहिरीतच उतरवलं आणि मध्यावर दगडाचा रुंद कट्टा होता त्यावर बसवलं. तिथून ते पाणी ओढू लागलं, आणि सकाळभर विहिरीच्या तोंडातून निळसर धूर वर येत राहिला.

मास्तर पोहोचले तेव्हा इंजिन बंद करून वर ओढून घेतलं होतं. पाणी संपून तळाला काळा गाळ चमकत होता. धूर निघून जायला म्हणून माणसांनी झाडाखाली चहा घेतला. नंतर वाकून पाहिलं तर आत धुराची रेघसुद्धा नव्हती. आतली हवा काचेसारखी स्वच्छ दिसत होती. नाकाला रॉकेलचा वास तेवढा जाणवत होता.

"बारकूदादा, सोडा तुमचं रॉकेट," कमळू म्हणाला, आणि पोरंसोरं हसली.

बारकूने चिमणी पेटवली, काठाला हात जोडले आणि डबा सोडला. सगळे वाकून बघत राहिले. ज्योत कट्ट्याखाली गेली, कातळाच्या भागात गेली, गाळाला टेकली. सरळ उभी राहिली. बारकू बराच वेळ तिच्याकडे पाहत होता. ज्योत हलतसुद्धा नव्हती.

"जगला," तो म्हणाला.

"काका, तुमी पण सांगा," कमळू म्हणाला. "तुमचं शास्त्र काय म्हणतं? चांगली धा माणसं हाईत ऐकायला. शहापूरची तालीम होऊन जाईल."

माणसं मास्तरांकडे वळली. एरवी ते मागे सरले असते. पण कालची गोष्ट अंगात भिनलेली होती. त्यांनी खरंच दोन शब्द सांगितले. बारकूच्या घराण्याची रीत आणि चंद्रावर यंत्र धाडणाऱ्यांची रीत कशी एकच आहे, जिथे जीव घालायचा तिथे आधी निर्जीव वस्तू घालून बघायची यात केवढं शहाणपण आहे, असं काहीसं. माणसांनी ऐकून घेतलं. बारकू लाजला.

अनिलने त्या दिवशी रजा घेतली होती. तो आणि कमळू आळीपाळीने खाली राहणार होते, पहिली पाळी अनिलची. त्याने कमरेला कासरा बांधून घेतला. हा कासरा मास्तरांचाच हट्ट होता आणि त्यावरून सकाळपासून त्यांची थट्टा चालली होती. शिडीवर एक पाय ठेवून अनिल थांबला.

"आत वास येतोय, काका. मगाशी इंजिनाला दोर बांधायला कट्ट्यावर गेल्तो, डोकं जड झालंय जरा." मग हसून म्हणाला, "उतरू ना?"

मास्तरांनी खाली पाहिलं. ज्योत सरळ होती.

"उतर," ते म्हणाले.

---

विहिरीच्या कामात वरच्याने मधूनमधून हाक मारायची आणि खालच्याने ओ द्यायची, असा नियम असतो. कमळू काठावर बसून घमेली वर ओढत होता आणि प्रत्येक घमेल्याला विचारत होता.

"अन्या, हाय का?"

"हाय."

आवाज विहिरीतून गोल होऊन वर यायचा. गाळाचं घमेलं यायचं, ओतलं जायचं, परत सोडलं जायचं. बायका गाळ बाजूला पसरत होत्या, त्यांच्यात नम्रताही होती. मास्तर थोडे दूर, आंब्याच्या मुळावर बसले होते. भाषणात दिव्याची गोष्ट कुठे घालावी ते ठरवत होते.

"अन्या, हाय का?"

"हाय."

मास्तर वाक्य जुळवत होते, पण त्यांचे कान हाकेकडे लागले होते. तिकिटाच्या खिडकीत बसून त्यांना एक सवय जडली होती. चेहरा दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. आवाजावरून त्यांना माणूस कळायचा. हाक आणि ओ यांच्यामध्ये आता थोडी पोकळी पडू लागली आहे, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, आपल्यालाच तसं वाटतंय.

"अन्या, हाय का?"

पोकळी.

"...हाय."

"झोपला काय रे?" कमळू हसून ओरडला.

मास्तर उठले. काठाजवळ जाऊन खाली पाहिलं. अनिल वाकून गाळ भरत होता आणि त्याच्या शेजारी दिवा शांत जळत होता. कमरेचा कासरा त्याने सोडून टाकला होता. वाकताना मध्ये येत असणार. कासऱ्याचं टोक गाळात पडलं होतं.

"त्याला वर बोलव, कमळू," मास्तर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, अर्धा गिळलेला.

"काय?"

"वर बोलव म्हटलं. थोडा वेळ."

"आताच तर उतरलाय. बसा तुमी सावलीत."

पुढचं घमेलं अर्धंच भरलेलं आलं. त्याच्या पुढच्यात गाळ नव्हताच. त्यात फावडं होतं. अनिलने काम संपल्यासारखं फावडं घमेल्यात ठेवून वर पाठवून दिलं होतं.

"ह्याला काय झालं?" कमळू फावडं हातात घेऊन म्हणाला. एकदोघं हसले.

आणि त्या फावड्याकडे बघताना मास्तरांना एक जुनी गोष्ट आठवली, जी चंद्राच्या पुस्तकांत कुठेच नव्हती. एका थंडीत महामार्गाच्या कडेच्या खोपटात दोन राखणदार शेगडी पेटवून, दार लावून झोपले होते. सकाळी दोघं मेलेले सापडले, गाल मात्र जिवंत माणसासारखे लाल. मास्तर स्टेशनातून बघायला गेले होते. माणसं सांगत होती की दार फोडलं तेव्हा शेगडीतले निखारे लाल होते. निखारे जगले होते, माणसं नव्हती. शेगडीने बंद खोपटात जे केलं, तेच इंजिननेही विहिरीत केलं असेल. दिवा सांगत होता की इथे दिवा जगतो. माणसाचं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आजवर बारकूच्या दिव्याने ज्या विहिरी पारखल्या, त्यांपैकी एकीतही इंजिन उतरवलेलं नव्हतं.

"अन्या, हाय का?"

काही आलं नाही.

"अन्या?"

खाली अनिल गुडघ्यांवर बसला होता. मग तो सावकाश, जणू पाठ टेकायची असल्यासारखा, कातळाला रेलला आणि कुशीवर कलंडला. दिव्याचा उजेड त्याच्या पाठीवर पडला होता. ज्योत सरळ होती.

कमळूने फावडं टाकलं आणि शिडीवर पाय घातला.

मास्तरांनी त्याच्या कमरेला मागून मिठी मारली. हा माणूस कधी कुणाच्या अंगाला हात लावत नसे. काय होतंय ते कमळूला आधी कळलंच नाही.

"सोडा काका."

"उतरायचं नाही."

"अन्या पडलाय खाली. दिसत नाय काय तुमाला?"

"म्हणूनच नाही. तूही पडशील. इंजिनाचं विष आहे आत, दिसत नाही ते."

"दिवा जळतोय, मास्तर," बारकू काठावरून म्हणाला. "बघा की. चांगला जळतोय."

"जळू दे. दिव्याला ते विष बाधत नाही."

कमळूने झटका दिला. मास्तर दगडावर आपटले, कोपर फुटलं, पण त्यांनी उठून शिडीचं टोक धरलं आणि वर खेचायला लागले. बांबूची शिडी जड होती, त्यांना एकट्याला ती हलेना. कमळूने त्यांचा सदरा धरला. त्याचं तोंड रागाने काळंनिळं झालं होतं. तेवढ्यात नम्रता आली. तिचे हात कोपरापर्यंत गाळाने भरलेले होते. तिने एकदा विहिरीत पाहिलं, मग मास्तरांकडे.

"काका, नक्की?"

आयुष्यात मास्तरांना कशाचीच खात्री कधी नव्हती. कल्याणचं तिकीट दिल्यावरही ते मनात पुन्हा एकदा वाचून घ्यायचे. आत्ताही नव्हती. अनिलला नुसती भोवळ आली असेल. कमळू धावत उतरून त्याला खांद्यावर टाकून वर आणेल. शेगडीची गोष्ट वेगळी असेल. हे सगळं एका क्षणात त्यांच्या मनात येऊन गेलं.

"नक्की," ते म्हणाले.

नम्रताने शिडीला हात घातला. दोघांनी मिळून ती वर ओढली आणि बाजूला टाकली. कमळू मटकन खाली बसला आणि भावाच्या नावाने हाका मारू लागला.

मग जे करता येईल ते केलं. बारकूने करंजाच्या फांद्या तोडून आणल्या, त्यांचा भारा दोराला बांधला आणि दोघांनी तो विहिरीत वरखाली हापसला, हवा हलावी म्हणून. बायकांनी वरून पाणी ओतलं. पडलेल्या घागरी काढायचा लोखंडी गळ कुणीतरी धावत आणला. तो अनिलच्या चड्डीच्या पट्ट्यात अडकायला फार वेळ गेला. दोनदा निसटला. अडकला तेव्हा चार माणसांनी त्याला ओढून घेतलं.

त्याला आंब्याखाली निजवलं तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. त्याच्या गालांवर लाली होती. ओठ गुलाबी होते. उन्हातून चालून आलेल्या तरण्या माणसासारखा दिसत होता तो.

"रंग बगा किती चांगला हाय," बारकू म्हणाला. "काय झालं नाय त्याला. येईल शुद्धीवर."

मास्तरांनी त्या रंगाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

जीपने शहापूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, इंजिनाच्या धुरातला वायू. त्याला रंग नाही, वास नाही. आणखी कुणी उतरलं असतं तर तोही बहुतेक गेला असता. डॉक्टरसुद्धा बहुतेकच म्हणाले.

---

वाचनालयाचा माणूस घरी येऊन गेला. मास्तर आत बसून राहिले, भाषण राहूनच गेलं.

कमळू त्यांच्याशी बोलत नव्हता. ताट पुढे सरकवायचा, बोलायचा नाही. त्यालाही कळत होतं की काकांनी त्याला वाचवलं. पण कळणं निराळं आणि खाली पडलेल्या भावाला वरून बघत बसणं निराळं. गाव मात्र मास्तरांना मानू लागलं. मास्तर बोलले तसंच झालं, दिव्यापेक्षा मास्तरांना जास्त कळलं, असं लोक सांगू लागले. त्यांनी आधी "उतर" म्हटलं होतं हे कुणाला आठवत नव्हतं, किंवा आठवून कुणी बोलत नव्हतं.

आठवत होतं ते एकीला. दिवसकार्य होऊन बरेच दिवस गेल्यावर एका दुपारी नम्रता पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि उभी राहिली.

"काका, एक इचारू?"

"विचार."

"तुमाला नक्की ठाऊक होतं, तर आधी त्यांना उतर कसं म्हणालात?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर सोपं गेलं असतं. मास्तरांनी तांब्या हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला.

"नक्की नव्हतं," ते म्हणाले. "आधीही नव्हतं. नंतरही नव्हतं."

"मग मी शिडी वढली ती?"

ओसरीवर कमळूच्या खोकण्याचा आवाज आला. नम्रताने पदर तोंडाला लावला, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हे भावजींना कधी सांगू नका. नक्की होतं म्हणूनच सांगा. नायतर ते जगायचे नाय."

तेव्हापासून मास्तर नक्की माहीत असलेला माणूस म्हणून जगू लागले.

---

पुढच्या मेमध्ये माणसं येऊ लागली. आटगावच्या आसपासची आधी, मग लांबची. मास्तर, जरा येऊन बघा. मास्तर, तुमी उतरा म्हणालात की उतरतो. बारकूने दिवा सोडणं बंद केलं होतं. कुणी बोलावलं तर म्हणायचा, मास्तरांना न्या. मास्तर जायचे. न जाण्याने कुणी मेलं तर, या भीतीने जायचे. जाऊन सांगायचे की इंजिन आत उतरवू नका, फांद्यांनी हवा हापसा, कमरेचा दोर सोडू नका, आणि बांबूच्या पाटीत कोंबडी घालून खाली धाडा, आणि ती लगेच वर काढू नका. लोक सगळं करायचे. आणि सगळं करून झालं की मास्तरांच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.

असाच मुरबाडच्या डोंगराखालच्या पाड्यावरचा नामा त्यांना न्यायला आला. विहीर पाड्याच्या वर, जुनी, बऱ्याच वर्षांत कुणी उतरलेलं नाही. दुसऱ्या विहिरीला पाणी नाही. नामाची बायको हिराबाई काठावर आधीच येऊन बसली होती. नामाच उतरणार होता.

फांद्या हापसून झाल्या. कोंबडी खाली राहिली. माणसांनी तंबाखू मळली, खाल्ली, थुंकली, आणि आणखी थोडा वेळ काढून पाटी वर ओढली. कोंबडी जिवंत होती. पाटीतून उडी मारून कचऱ्यात चोच मारू लागली.

"झालं," कुणीतरी म्हणालं. "मास्तर, बोला आता."

नामाने दोर बांधून घेतला होता. हिराबाई मास्तरांकडे पाहत होती.

मास्तरांना त्या यंत्रांची आठवण झाली, वर्षभरात पहिल्यांदाच. सात सर्व्हेयर धाडली. त्यांतली दोन गेली. तेव्हा कुठे माणूस गेला. एक गेलं तर दुसरं बनवता येत होतं, आणि कुणाच्याही तोंडाकडे बघून कुणी चंद्रावर उतरलं नव्हतं. कोंबडी इतका वेळ जगली, एवढंच कोंबडीने सांगितलं होतं. गाळ उकरल्यावर खालून काय सुटेल, हे तिला कुणी विचारलेलं नव्हतं.

"तो दोर मला बांधा," मास्तर म्हणाले.

"तुमी?" नामा हसला. "मास्तर, तुमी कशाला? वय काय तुमचं?"

"मी आधी जातो. थोडा गाळ हलवतो, बसतो, आणि मग सांगतो."

"आवो, नुसतं नक्की म्हणा, तेवढं पुरे हाय आमाला."

"ते मला म्हणता येत नाही."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय की काय, असं बहुतेकांना वाटलं. पण हिराबाई उठली, नामाच्या कमरेचा दोर सोडला आणि मास्तरांना बांधला. दोन गाठी मारल्या. मास्तर शिडीवरून उतरू लागले. पाय नीट पडत होते. दगड संपले, कातळ लागला. थंडावा आला. जुन्या पाण्याचा आणि कुजलेल्या पानांचा वास येत होता, दुसरा काही येत नव्हता. न येण्याला काही अर्थ नसतो, हे त्यांना ठाऊक होतं.

तळाला टेकून त्यांनी वर पाहिलं. आभाळाचा एक लहानसा गोल तुकडा आणि त्याच्या कडेने काळी डोकी. त्यांतलं नामाचं कोणतं ते कळेना. ते वाकले आणि फावड्याने गाळ उलटा केला. एक बुडबुडा आला. आणखी एक आला.

"मास्तर, हाय का?" वरून हाक आली.

"हाय," ते म्हणाले.

गाळ पुन्हा उलटा केला. डोकं थोडं जड वाटलं. वाकल्यामुळे असेल, असं त्यांना वाटलं. अनिललाही असंच काहीतरी वाटलं असेल.

"मास्तर, हाय का?"

"हाय."

ओ लगेच दिली, असं त्यांना वाटलं. अनिललाही तसंच वाटलं असणार. आपला आवाज वेळेवर गेला की उशिरा, हे खाली असलेल्याला कळत नाही, ते फक्त वरच्याला कळतं. ते फावड्यावर भार देऊन उभे राहिले आणि पुढच्या हाकेची वाट पाहू लागले. वरची डोकी जागच्या जागी होती. हाक यायला वेळ लागत होता, की आली होती आणि त्यांनी ऐकली नव्हती, हे त्यांना ठरवता येईना.